विकलांचा हिशेब

पृथ्वी स्वतःभोवतीचा आपला फेरा २३ तास ५६ मिनिटे आणि सुमारे ४ सेकंदांत पुरा करते, आणि त्या हिशेबाने खगोलीय विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदास १५ विकलांहून किंचित अधिक अंतर पश्चिमेकडे सरकतो. हौशी निरीक्षकाच्या दुर्बिणीखाली जो मोटारीचा माउंट असतो, त्याच्याकडे सोपवलेले काम एवढेच की, ध्रुवाक्षाभोवती दुर्बीण नेमक्या त्याच वेगाने, पृथ्वीच्या भ्रमणाच्या उलट दिशेस फिरवीत राहावी आणि तारा होता तेथेच ठेवावा. शनीची कडी डोळ्याने पाहणाऱ्यास या कामातील वीस-तीस विकलांची कसूर जाणवतही नाही. परंतु मृगातील तेजोमेघाचा प्रकाश काही मिनिटे साठवून त्याचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्यास तीच कसूर प्रत्येक ताऱ्याची लहानशी रेघ करून दाखवते, आणि माउंट बिघडला अशी त्याची खात्री होते. बिघाड आहे हे कळणे सोपे. तो कोठे आहे हे कसे शोधावे, आणि सापडल्यावर तो मुळातून काढावा की त्याचा परिणाम तेवढा पुसून टाकावा, याविषयी मात्र जाणत्यांतही एकवाक्यता नाही.

माझ्या परिचयाच्या पुण्यातील एका घरात हा वाद दोन पिढ्यांमध्ये चालतो. मामांनी आपली उभी हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये घालवली. शतांश मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटांना मायक्रोमीटरच्या आधी कळतो. भाची संगणकशास्त्र शिकलेली असून यंत्रांच्या नियंत्रणाचे प्रोग्राम लिहिणे हा तिचा व्यवसायच आहे. दुर्बीण आणि माउंट भाचीचे, गच्ची आणि हत्यारे मामांची. तक्रार उद्भवली ती अशी की, तीन-तीन मिनिटांच्या छायाचित्रांपैकी काहींत तारे गोल येत आणि काहींत पूर्व-पश्चिम लांबट. आणि गाइडिंग, म्हणजे कॅमेऱ्याने ताऱ्यावर नजर ठेवून मोटारीस दुरुस्ती कळवण्याची सोय, चालू असतानाही हा प्रकार थांबेना.

“मामा, माउंट निर्दोष असला पाहिजे हा तुमचा आग्रहच मला पटत नाही,” भाची म्हणाली. “मोठे चक्र फिरवणारा आट्यांचा दांडा, म्हणजे वर्म, कितीही जपून घडवला तरी त्यात काही विकलांची चूक राहणारच, वक्रीभवनामुळे तारा क्षितिजाजवळ एका वेगाने आणि माथ्यावर दुसऱ्या वेगाने सरकल्यासारखा दिसणारच, रात्र चढेल तशी थंडीने नळी आकसणारच. या प्रत्येकाचा निराळा बंदोबस्त करीत बसण्यापेक्षा, तारा आपल्या जागेवरून किती हलला एवढेच दर दोन-तीन सेकंदांनी मोजावे आणि तितकी दुरुस्ती मोटारीस कळवावी. तो का हलला याची चौकशी करण्याचे मग प्रयोजनच उरत नाही.”

“चौकशीचे प्रयोजन उरले नसते, तर तुझे तारे गोल आले असते,” मामा म्हणाले.

भाचीने यावर इतिहासाचा दाखला दिला. फ्राउनहोफर यांनी १८२४ साली डोरपाटच्या वेधशाळेसाठी सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण घडवली आणि वजनावर चालणाऱ्या घड्याळयंत्राने ती ताऱ्यामागे फिरवली. आज आपण ज्याला जर्मन माउंट म्हणतो त्याची ठेवण तीच. पण घड्याळयंत्र एवढे उत्तम साधल्यानंतरही निरीक्षकाची सुटका झाली नाही. बर्नार्ड यांनी लिक वेधशाळेत आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली, ती घेताना ते तासन्‌तास नेत्रिकेशी डोळा लावून बसत, मार्गदर्शक तारा आडव्या-उभ्या तारांच्या छेदावरून ढळला की हाताने परत आणीत. “ती दुरुस्ती बर्नार्ड डोळ्याने करीत, माझा कॅमेरा तीच न थकता करतो,” असे भाचीचे म्हणणे.

मामांना हा दाखला अमान्य नव्हता. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांना निराळा दिसत होता. “बर्नार्ड यांना दुरुस्ती करता आली, कारण दुरुस्त करावयाची चूक संथ होती,” ते म्हणाले. “घड्याळयंत्र धक्के देत चालले असते, तर कोणता डोळा आणि कोणता हात पुरा पडला असता? आपल्या पुण्यातच पाहा ना. कॉलेज ऑफ सायन्समध्ये नायगमवालांच्या वेधशाळेत ग्रब यांची दुर्बीण होती. त्या कारागिरांनी आधी यंत्र सुरळीत चालवले, आणि मग निरीक्षकाला वर बसवले.”

पुणेकरांस या वेधशाळेचा विसर पडला आहे म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा या नावाने ती १८८८ पासून चालली, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख, आणि डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली २० इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन. १८९८ च्या जानेवारीतील खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी नायगमवाला सोलापूरकडील जेऊर येथे गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळेचे साहित्य कोडाईकनालला रवाना झाले. आज पुण्यातील गच्च्यांवर संगणकाने चालणारे माउंट उभे आहेत, आणि ज्या प्रश्नाशी ग्रब यांच्या कारखान्यातील कारागीर झुंजत होते त्याच प्रश्नाशी ते माउंट बाळगणारेही झुंजत आहेत.

मामांनी मग एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. माउंटमधील मोठे चक्र १८० दात्यांचे. वर्मचा एक फेरा झाला की चक्र एक दाता पुढे सरकते. म्हणजे नाक्षत्र दिनाचे ८६,१६४ सेकंद भागिले १८०, अदमासे ४७९ सेकंद, आठ मिनिटांना एक सेकंद कमी. वर्मच्या घडणीत जी काही वाकडीतिकडी चूक असेल, ती दर ४७९ सेकंदांनी त्याच क्रमाने परत येणार. वर्म फिरवणाऱ्या चाकाला ४७ दाते आणि मोटारीच्या दांड्यावरील पिनियनला १२; तेव्हा पिनियनचा एक फेरा १२२ सेकंदांचा, आणि त्याचा एकेक दाता मोठ्या चाकाच्या दात्याला भिडतो तो दर १० सेकंदांनी, किंबहुना त्याहून किंचित उशिराने. पिनियन दांड्यावर एका अंगाला बसले असेल तर चूक १२२ सेकंदांची. दाते एकमेकांत नीट बसत नसतील तर १० सेकंदांची. ध्रुवाक्ष चुकला असेल तर तारा हलतो पण परत येत नाही. त्या चुकीला आवर्तन नाही, ओघ आहे.

मला या साऱ्या विषयातील गाभा येथे आहे असे वाटते. यंत्रातील प्रत्येक फिरत्या भागाला त्याचा काळ नेमून दिलेला असतो, आणि चूक आपल्याबरोबर तो काळ घेऊन येते. किती विकला चुकल्या हे पाहून दोषी भाग ओळखता येत नाही. किती सेकंदांनी चुकल्या हे पाहून ओळखता येतो. म्हणून माउंट उघडण्याच्या आधी, आणि गाइडिंगच्या कोष्टकात एकही आकडा बदलण्याच्या आधी, दुरुस्ती न केलेल्या चालीची नोंद हाती असली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. ती नोंद नसताना मामा स्क्रू आवळतील आणि भाची आकडे फिरवील, आणि दोघांपैकी कोणाच्या उपायाने काय साधले हे कोणासही सांगता येणार नाही.

भाचीची शंका अशी की, वर्मची चूक मध्यापासून दोन्हीकडे पंधरा विकलांची असू शकते आणि दात्यांची फार तर दोनांची. मग पंधरा सोडून दोनांचा पाठपुरावा कशासाठी? मामांनी उत्तर कागदावरच दिले. पंधरा विकलांची लाट ४७९ सेकंदांत पुरी होत असेल तर ताऱ्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदास एक पंचमांश विकलेइतका पडतो. दोन विकलांची लाट १० सेकंदांत पुरी होत असेल तर तो सव्वा विकलेच्या घरात जातो. लहान चूक सहापट वेगाने धावते. कॅमेरा तीन सेकंद पाहणार, संगणक मोजणार, मोटारीला हुकूम जाणार, ढिलाई भरून निघून दुर्बीण हलणार. तोवर तारा आपण होऊनच परत फिरलेला असतो, आणि पूर्वीच्या जागेवरून काढलेली दुरुस्ती त्याला त्याच दिशेने आणखी पुढे ढकलते. झोपाळा परत येत असताना दिलेला धक्का थांबवतो आणि जाताना दिलेला धक्का वाढवतो, त्यातला हा दुसरा प्रकार.

“म्हणजे माझे गाइडिंगच तारे लांबवीत आहे?” भाचीने विचारले.

“तसे असेल. पण कागदावरून म्हणू नये. आज गाइडिंग बंद ठेव.”

त्या रात्री गच्चीवरून मृगाच्या बाणातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेकडचा तारा निवडला गेला. तो खगोलीय विषुववृत्ताला अगदी लगटून आहे, त्यामुळे विषुवांशातील चूक तेथे पुऱ्या मापाने दिसते. शहराच्या उजेडाची या कामात अडचण नाही, एक ठळक तारा दिसला की पुरे. वर्मचे निदान तीन फेरे पुरे व्हावेत म्हणून २४ मिनिटे तरी नोंद घ्यावयाची, आणि एकेक छायाचित्र एका सेकंदाच्या आसपास ठेवावयाचे, नाहीतर १० सेकंदांची लाट त्यात विरून जाते. फार जवळून वाचू नये तेही खरे, कारण हवेच्या थरथरीने तारा क्षणोक्षणी विकला-दोन विकला हलतोच, आणि त्या थरथरीलाच माउंटची चूक समजून तिच्यामागे मोटार पळवणे हा गाइडिंग करणाऱ्यांचा नेहमीचा प्रमाद आहे.

आलेख निघाला तेव्हा त्यात तीन गोष्टी एकीवर एक पडलेल्या होत्या: सावकाश एका बाजूस जाणारा ओघ, आठ मिनिटांची रुंद लाट, आणि त्या लाटेच्या पाठीवर करवतीसारखी बारीक दातेरी रेघ. भाचीने फूरिए यांच्या रीतीने त्या नोंदीचे पृथक्करण केले, शिखर १०.२ सेकंदांवर उभे राहिले. १२२ सेकंदांवर जवळजवळ काही नव्हते. मामा दाते मोजून जेथे पोहोचले होते, तेथेच भाची गणिताने पोहोचली, आणि पिनियन वाकडे नसून दात्यांची जुळणी बिघडलेली आहे एवढे निश्चित झाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी मोटारीचे आवरण काढले. दोन चाकांमधील ग्रीस काळसर आणि चिकट झाले होते. रॉकेलमध्ये भिजवलेल्या जुन्या दातघासणीने एकेक खाच साफ केल्यावर दात्यांच्या कुशीवर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसू लागला. चाके एकमेकांत फार घट्ट बसवलेली होती. मोटार धरून ठेवणारे स्क्रू मामांनी अर्धा फेरा सैल केले, दोन चाकांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी घातली, मोटार हलक्या हाताने कागदापर्यंत सरकवली, स्क्रू आवळले, आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदावर दात्यांच्या खुणा एका ओळीत, सारख्या खोलीच्या उमटल्या होत्या. एका बाजूस गडद आणि दुसरीस फिक्या असत्या, तर मोटार तिरकी बसली असे समजले असते. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली, ती तशीच ठेवावयाची. नवे ग्रीस त्यांनी नखाएवढेच लावले.

“यापेक्षा दाते काढून दातेरी पट्टाच बसवला तर?” भाचीने सुचवले. “दात्याला दाता भिडण्याचा प्रश्नच मिटेल.”

हा उपाय हौशी मंडळींत पुष्कळ रूढ आहे आणि तो वाजवीही आहे, हे मामांनी मान्य केले. परंतु पट्ट्याच्या चाकांची भोके मध्यावर नसली तर १० सेकंदांची पीडा जाऊन १२२ सेकंदांची तिच्या जागी येईल, असे त्यांनी बजावले. पुढल्या नोंदीत दातेरी रेघ बहुतांशी विरली, त्यामुळे पट्ट्याचा विषय तेथेच राहिला.

आठ मिनिटांच्या लाटेवर मात्र मामांना आपला हट्ट सोडावा लागला. ती कमी करावी म्हणून त्यांचा वर्म बाहेर काढून घोटण्याचा बेत होता. भाचीने त्यांना गाइडिंग चालू करून दाखवले: लाट संथ आणि गुळगुळीत असल्यामुळे कॅमेऱ्याने ती अर्ध्या विकलेच्या आत आणून ठेवली, आणि लाटेचा आकार एकदा शिकवून मोटारीला आगाऊ दुरुस्ती करावयास लावले तर उरलेलेही कमी होईल असे तिने सांगितले. “मग घोटण्याचे श्रम कशासाठी, मामा? आणि घोटून वर्म बिघडला तर?” मामा बराच वेळ आलेख पाहत राहिले. वर्म आपल्या बेअरिंगमध्ये पुढेमागे हलत नाही याची खातरजमा तेवढी त्यांनी केली, आणि तो बेत रद्द केला. मला वाटते, भाचीची बाजू येथे निर्विवाद खरी आहे: ज्या चुकीच्या मागोमाग दुरुस्ती पोहोचू शकते, त्या चुकीसाठी धातूला हात लावू नये.

ओघाचा उगम ध्रुवाक्षात होता. आपल्या अक्षांशांत या कामी विशेष अडचण येते, आणि परदेशी माहितीपत्रकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंश वर. शेजारची इमारत किंवा क्षितिजावरचा धुरळा त्याला सहज झाकतो. बहुतेक माउंट अधिक उत्तरेकडच्या देशांतील वापर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले असल्यामुळे इतक्या कमी उन्नतांशावर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो, आणि अक्षांशाचा बोल्ट आपल्या शेवटच्या टोकाशी सारा भार पेलत वाकतो. शिवाय तेवढ्या उंचीवर वक्रीभवन ध्रुवाला सुमारे ३ कला वर उचलून दाखवते. ध्रुवाक्षात एका कलेची चूक असेल तर क्रांतीत, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत, मिनिटाला पाव विकलेइतका ओघ पडू शकतो. ध्रुवतारा दिसत नसेल तेथे जुनी रीत उपयोगी पडते: याम्योत्तर वृत्तावर विषुववृत्ताजवळचा तारा धरावा, तो दक्षिणेकडे ओघळला तर अक्ष पूर्वेकडे गेला आहे, उत्तरेकडे ओघळला तर पश्चिमेकडे. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा धरावा. तो दक्षिणेकडे ओघळला तर अक्ष खाली आहे. भाची हेच काम कॅमेऱ्याने काही मिनिटांत उरकते, आणि त्यात मामांनाही वावगे वाटत नाही.

काही तक्रारींना एवढ्या विचाराची गरजच नसते. हँड कंट्रोलरमध्ये महिना आधी आणि तारीख नंतर लिहावयाची असताना आपल्या शिरस्त्याप्रमाणे तारीख आधी लिहिली, तर ५ मार्चचा ३ मे होतो आणि दुर्बीण पहिल्या ताऱ्यासाठी भलतीकडे तोंड करते. कालविभाग साडेपाच तासांऐवजी पाच लिहिला तर साडेसात अंशांचा फरक पडतो. बारीक आणि लांब वायरीतून वीज आणली तर माउंट वेगाने वळताना विद्युतदाब घसरतो, मोटार पावले चुकते, आणि ती चुकली हे साध्या माउंटला कळण्याची सोय नसल्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक तारा तितकाच बाजूला पडतो. दाब मोजावयाचा तो माउंटच्या खोबणीशी, दुर्बीण वळत असताना. बॅटरीपाशी मोजून उपयोग नाही. यावर मामा-भाचीचे एकमत आहे.

मतभेद शिल्लक आहे तो क्रांतीच्या अक्षाबाबत. तेथे मोटार दिशा बदलते तेव्हा दात्यांतील ढिलाई भरून निघेपर्यंत दुर्बीण जागची हलत नाही. भाचीने ती मोजली आहे: नाक्षत्र गतीच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदास साडेसात विकलांनी, तिने ताऱ्याला उत्तरेकडे नेले आणि मग दक्षिणेकडे वळवले, हुकूम सुटल्यापासून ४ सेकंद तारा स्तब्ध राहिला. ढिलाई ३० विकलांची. ध्रुवाक्ष मुद्दाम पाचेक कला चुकीचा ठेवावा, म्हणजे तारा मिनिटाला सव्वा विकलेच्या आसपास एकाच दिशेला ओघळेल, आणि गाइडिंगला त्या एका दिशेनेच दुरुस्ती करू द्यावी, म्हणजे दाते सदैव एका कुशीवर टेकलेले राहतील, असा तिचा प्रस्ताव आहे.

“अक्ष मुद्दाम चुकवायचा, हे मला रुचत नाही,” मामा म्हणाले. “दीर्घ छायाचित्रात क्षेत्र फिरेल, कडेचे तारे कमानी होतील. वर्मला चक्राशी भिडवणारा ग्रब स्क्रू पाव फेरा आवळला तर तीसाचे दहा होतील.”

“आणि फार आवळला तर थंडीत मोटार अडेल.”

“अडेल, म्हणून एकाच जागी मोजून भागणार नाही. चक्र पुरते गोल नसते; एका जागी ढिलाई तीस विकला आली, तर दुसऱ्या जागी ती दहाही असेल. दर तीस अंशांवर मोज, बारा आकडे लिहून आण. सर्वांत कमी ढिलाई जेथे निघेल तेथे चक्र आणून ठेवायचे आणि स्क्रू तेथेच लावायचा, म्हणजे तो फिरताना दुसरीकडे कोठे अडणार नाही. आणि त्या जागी आवळायला वाव उरला नाही असे दिसले, तर मी तुझ्या पाच कलांना हरकत घेणार नाही.”